बिनकर्जाचं घर, एका वेळी एक खोली

आमचं घर बांधून व्हायला सात वर्षं लागली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि पुढे पडवी, एवढंच. ज्या दिवशी शेवटची खिडकी बसली त्या दिवशी आम्ही कुणाचंही देणं लागत नव्हतो, आणि त्या सात वर्षांतली चार वर्षं आम्ही त्याच घरात राहत होतो. ते कसं जमलं, काय चुकलं आणि पुन्हा बांधायचं झालं तर काय तसंच करेन, हे सविस्तर लिहिते आहे.

मी हिशेबनीस. आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहिले, त्यामुळे कर्जाचं कोष्टक वाचायची सवय आहे. १०० चं कर्ज वर्षाला ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ते मिळून जवळजवळ २१६ भरावे लागतात. शिवाय पहिल्या हप्त्याचे सहा भाग केले तर पाच भाग व्याजात जातात, मुद्दल फिटतं ते एका भागाने. म्हणजे आपण पैसे दोन घरांचे भरतो आणि राहतो एकात. हे कोष्टक मी नवऱ्यासमोर ठेवलं आणि त्याच संध्याकाळी आमचं ठरलं.

हळू बांधण्यालाही किंमत मोजावी लागते, तीही आधी सांगते. साहित्य दरवर्षी महाग होतं, गवंडी आणि मजूर पुन्हा पुन्हा जमवावे लागतात, आणि तोवर दुसरीकडे राहायचा खर्च सुरूच असतो. म्हणून सगळं घर थोडं थोडं वर चढवत नेणं हा सर्वांत वाईट मार्ग. पाच वर्षं पाया आणि अर्ध्या भिंती पावसात भिजत उभ्या राहतात, आणि राहायला एक कोपराही मिळत नाही. त्याऐवजी एक खोली पायापासून छपरापर्यंत पुरी करायची, तिच्यात राहायला जायचं, आणि वाचलेल्या भाड्यातून पुढची उभी करायची.

आमच्या गवंडीमामांचं पहिल्याच भेटीतलं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: "ताई, जिथं थांबता येईल तिथपर्यंतच काम काढायचं." टप्पा ओळखायची खूण हीच. तिथे काम थांबलं आणि पुढची दोन वर्षं हातात काही आलं नाही, तरी बांधलेलं खराब होणार नाही, अशी जागा. पाया भरून जोतं वर आलं आणि माथा बंद केला, की थांबता येतं. छप्पर पडलं की थांबता येतं. भिंती छपराविना उभ्या असताना थांबता येत नाही. लाकडी चौकटी उघड्यावर असतानाही नाही.

पहिलं वर्ष आम्ही काहीच बांधलं नाही. जमीन घेतल्यावर हात शिवशिवतात, तरीही एक पूर्ण वर्ष तिथे नुसतं जात राहा. पाऊस जोरात असताना छत्री घेऊन उभं राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून निघून जातं ते बघा. आम्ही जिथे घर काढलं होतं तिथून पावसात पाण्याचा एक पाट वाहतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. कागदावरचं घर तीस फूट वर सरकवायला खोडरबर पुरला. त्याच वर्षात जिथे पाया येणार तिथे पाच फूट खोल खड्डा खणून ठेवा. माती किती खोलवर आहे, खाली मुरूम कधी लागतो, पावसात खड्ड्यात पाणी किती दिवस टिकतं, हे सगळं त्या एका खड्ड्यात दिसतं. चिकण माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. त्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकणारच.

झाडंही याच वर्षी लावा. घर पुरं होईपर्यंत सावली तयार होते. मात्र मोठी मुळं धरणारी झाडं पायापासून लांब असू द्या.

याच काळात पूर्ण घराचा नकाशा करून घ्या. बांधायची एकच खोली असली तरी नकाशा सगळ्या घराचाच हवा. जमिनीची कागदपत्रं, बांधकामाची परवानगी आणि इंजिनिअरचा सल्ला यांवर खर्च करताना कचरू नका. पाया किती खोल, किती रुंद, जोत्याला आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा किती सळयांचा, हे त्याने ठरवावं. भूकंपात भिंती एकमेकींना धरून राहतात त्या या पट्ट्यांमुळे, त्यामुळे तो खर्च वाचवायचा नसतो.

टप्प्याटप्प्याने वाढणारं घर म्हणजे गरिबाची तडजोड, असं समजू नका. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या दशकात इंदूरची अरण्य वसाहत याच विचाराने आखली. कुटुंबांना आखलेला प्लॉट, जोतं आणि पाणी-सांडपाण्याची सोय द्यायची, बाकीचं घर त्यांनी जमेल तसं वाढवायचं. चिलीमध्ये आलेहांद्रो आरावेना यांनी इकीके शहरात अर्धी घरं बांधून दिली आणि उरलेली अर्धी जागा रहिवाशांसाठी मोकळी ठेवली. एकट्या कुटुंबाला जे करणं अवघड तो अर्धा भाग आधी करायचा, अशी त्यांची निवड होती. या दोघांनाही पुढे वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं, आरावेनांना २०१६ मध्ये आणि दोशींना २०१८ मध्ये. मला यातून मिळालेलं सूत्र हे: जे नंतर बदलता येत नाही ते आधी आणि चांगलं करा. पाया, सांडपाण्याचा उतार, छपराची उंची, दारांच्या जागा. रंग, फरशी, कपाटं, आतला गिलावा हे सगळं थांबू शकतं. आमच्या पहिल्या खोलीत तीन वर्षं नुसता कोबा होता.

आता पैशाचं. घरासाठी वेगळं खातं उघडा आणि पगार झाला की पहिल्या दिवशी ठरलेली रक्कम तिकडे वळवा. महिनाअखेरीला काय उरतं ते बघू असं म्हटलं तर काही उरत नाही. टप्प्याचा अंदाज गवंड्याकडून आणि इंजिनिअरकडून वेगवेगळा घ्या, जो जास्त असेल तो धरा आणि त्यात चौथा हिस्सा वाढवा. ती पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. "सुरुवात तर करू, पुढचं बघू" हे वाक्य घरात कुणी उच्चारलं की मी वही उघडून ठेवायचे. अर्ध्यावर अडकलेलं कामच माणसाला सावकाराच्या दारात नेतं.

मजुरी मोजलेल्या कामावर द्या. आठवड्याला जेवढी भिंत उभी राहिली तेवढी टेपने मोजायची, वहीत लिहायची, दोघांनी सही करायची आणि पैसे लगेच हातात ठेवायचे. उचल मोठी देऊ नका, पण झालेल्या कामाचे पैसे एक दिवसही अडकवू नका. वेळेवर पैसे देणाऱ्याकडे गवंडी दोन वर्षांनीसुद्धा परत येतो, आणि आपल्याला त्याची गरज चार वेळा पडणार असते.

साहित्य आधीपासून जमवावं का? दगड, विटा, वाळू, खडी जमवायला हरकत नाही, ती पडून राहिली तरी टिकतात. जुन्या घरांची मोडतोड होते तिथून सागवानी चौकटी, खिडक्या, गज, कौलं मिळतात. आमच्या पाचपैकी चार खिडक्या अशा आलेल्या आहेत. त्यासाठी खिडक्या आधी आणायच्या आणि भिंतीतली भगदाडं त्यांच्या मापाने ठेवायची. लाकूड घेताना टोकदार खिळा टोचून बघा. सहज आत गेला आणि भुसा निघाला तर वाळवीने आतून खाल्लेलं आहे.

सिमेंट मात्र कधीही साठवू नका. हे मी नुकसान सोसून शिकले. दुसऱ्या वर्षी भाव उतरलेला दिसला म्हणून मी तीस गोण्या एकदम घेतल्या. मग घरात आजारपण आलं, काम पाच महिने लांबलं आणि गोण्या शेडमध्ये भिंतीला टेकून राहिल्या. उघडल्या तेव्हा खालच्या अकरा गोण्यांचे दगड झाले होते. उरलेल्यांतली एक मामांनी फोडली, मूठभर सिमेंट घेऊन चिमटीत चोळलं आणि गुठळी बोटांखाली फुटते का ते मला दाखवलं. फुटली नाही. मग म्हणाले, "हे भरावाला वापरू, भिंतीला नको." हवेतल्या दमटपणाने सिमेंटची ताकद उतरत जाते. तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा जातो, सहा महिन्यांत त्याहून जास्त. ताज्या सिमेंटमध्ये हात घातला तर गार लागतो आणि गुठळ्या नसतात. आठवड्याला लागेल तेवढंच आणा, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, आणि आधी आलेली गोणी आधी वापरा. सळयाही कामाच्या वेळीच घ्या, उघड्यावर त्या गंजतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाण्याची सोय, सामानाची शेड आणि संडास केला. संडास दोन शोषखड्ड्यांचा करा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. बंद केलेला खड्डा निदान दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की आतलं कोरडं खत होतं आणि हाताळता येतं. खड्डे विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला हवेत.

मग पहिली खोली. १२ बाय १६ फुटांची, आणि हे माप मामांनी मुद्दाम सुचवलं होतं. काटकोनासाठी ३-४-५ चा नियम गवंडी वापरतात: एका बाजूला ३, दुसरीला ४ आणि तिरकं माप ५ आलं की कोपरा काटकोनात आला. १२ आणि १६ म्हणजे ३ आणि ४ ची चौपट, मग कर्ण बरोबर २० आला पाहिजे. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि आम्ही दोघांनी टेपची टोकं धरून दोन्ही कर्ण मोजले. एक २० आला, दुसरा २० फूट २ इंच. खुंटी सरकवत, परत मोजत, दोन्ही कर्ण सारखे यायला तासभर गेला. तो तास द्याच. वाढत जाणाऱ्या घरात पहिली खोली तिरकी झाली तर पुढची प्रत्येक खोली ते तिरकेपण पुढे नेते. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरा, फक्त नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना ते तपासा.

जोतं जमिनीपासून निदान दीड फूट उंच घ्या. भविष्यातल्या सगळ्या खोल्यांचा पाया आताच घालावा का, असं बरेच जण विचारतात. माझं मत, घालू नका. पैसा जमिनीत पुरला जातो आणि राहायचा दिवस लांबतो. पण नवी भिंत पुढे जुन्या भिंतीला सांधून टाकू नका. जुनं बांधकाम बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं, त्यामुळे सांध्यावर चीर पडतेच. तिथे वरपासून खालपर्यंत सरळ सांधा ठेवा, नव्या खोलीच्या चारही भिंती तिच्या स्वतःच्या पायावर उभ्या करा, आणि सांधा बाहेरून पट्टीने झाका.

आणखी एक युक्ती, जिच्यामुळे पुढे आमचा बराच खर्च आणि धूळ वाचली. दुसऱ्या खोलीचं दार जिथे येणार होतं तिथे आम्ही पहिल्याच भिंतीत लिंटेल टाकून ठेवलं. खालची जागा विटांनी बुजवली, पण त्या विटा सिमेंटमध्ये न रचता मातीत रचल्या. बाहेरून गिलावा केला आणि विसरून गेलो.

विटा निवडताना दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे, भद्द आवाज आला तर कच्ची भाजलेली. कमरेच्या उंचीवरून पाडली तर तुटू नये. रचण्याआधी पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडी वीट मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं, पाणी शोषून घेते आणि सिमेंट धरत नाही. वाळू तपासायला काचेची बाटली पुरते: अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवायची. वाळूवर गाळाचा थर बसतो. १० सेंटिमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ दिसला तर ती धुतल्याशिवाय वापरू नका. आम्ही एक अख्खी गाडी परत पाठवली होती, आणि आणणारा रागावला तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

माल कालवला की लगेच वापरायचा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करू देऊ नका. भिंत दिवसाला मीटरभराच्या वर फार चढवू नका. आणि पाणी मारा. निदान सात दिवस, राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात आणि ती ओलाव्यातच तयार होते. आमच्याकडे हे काम माझं होतं. कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, गोणपाट भिंतीवर टाकून ते भिजवायचं. घरच्या माणसांनी करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. त्याला कौशल्य लागत नाही, फक्त एक दिवसही चुकवायचं नसतं. तशीच माती भरणं, विटा वाहणं, रंग, बाग ही आपली कामं. पाया, छप्पर आणि वीज यांत मात्र हात घालू नका.

विटा वाचवायच्या असतील तर वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप रचना बघा. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतात, मध्ये पोकळी राहते, साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि त्या पोकळीमुळे खोली थंड राहते. पण ती रचता येणारा गवंडी हवा. आमच्या मामांनी आधी सामानाच्या शेडची एक भिंत तशी करून हात बसवला, मग घराला लावली.

छपराचा विचार करताना घर कोणत्या बाजूला वाढणार ते आधी ठरवा. दुपाखी छप्पर असेल तर ज्या बाजूला भिंतीचा त्रिकोणी माथा येतो तीच बाजू वाढीसाठी ठेवा. मग आढं तसंच पुढे नेता येतं, वासे त्याच ओळीत बसतात आणि दोन छपरांच्या मध्ये पाणी साठायला खोबण राहत नाही. उताराच्या बाजूला वाढवलंत तर नवं छप्पर जुन्याच्या वळचणीखाली घ्यावं लागतं आणि आतली उंची घटते. पडवीसाठी ते चालतं, खोलीसाठी नाही. वळचण भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट काढा, म्हणजे भिंत भिजत नाही आणि बाहेरचा गिलावा एखादं वर्ष लांबला तरी चालतो. वर मजला चढवायच्या इराद्याने स्लॅब टाकून सळयांची टोकं उघडी ठेवणार असाल, तर त्यांवर सिमेंटचा घट्ट लेप द्या आणि कमी सिमेंटच्या काँक्रीटने झाका. वर्षानुवर्षं गंजलेल्या सळईवर पुढचा कॉलम जोडणं धोक्याचं आहे.

विजेचे पाइप आणि पाण्याचे नळ गिलाव्याआधी, पुढच्या खोलीकडे जाणारं एक तोंड बंद करून ठेवून टाका. कोणती नळी कुठून जाते त्याचे फोटो काढा. आमचे फोटो पाच वर्षांनी उपयोगी पडले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही त्या एका खोलीत राहायला गेलो. एका कोपऱ्यात चूल-भांडी, एका कोपऱ्यात पुस्तकं, दोरीवर कपडे. पहिला मोठा पाऊस आला तेव्हा नवरा बॅटरी घेऊन रात्रभर वाशांच्या टोकांवर उजेड टाकत फिरत होता. एका कौलाखालून थेंब येत होता, सकाळी ते बदललं. पाचव्या वर्षी स्वयंपाकघर आणि न्हाणी झाली, सहाव्या वर्षी दुसऱ्या खोलीचं काम काढलं.

सातव्या वर्षी त्या खोलीवर छप्पर पडलं आणि दार उघडायचा दिवस आला. मामांनी लिंटेलखालच्या गिलाव्यावर खडूने चौकट आखली आणि छिन्नीने वरची पहिली वीट मोकळी केली. नंतर छिन्नी लागलीच नाही. मातीचा सांधा बोटांनी ढासळत होता, वीट अख्खी हातात येत होती. मी अलीकडे उभी राहून विटा घेत होते, नवरा पलीकडून ढकलत होता, आणि चौथ्या-पाचव्या थरानंतर मला त्याचा चेहरा दिसला, मागे नव्या खोलीच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात. दोनशेच्या वर विटा निघाल्या, तीनच फुटल्या. बाकीच्या माती खरवडून धुतल्या आणि पडवीच्या पायऱ्यांना लावल्या.